ज्वारीच्या फुटव्यात विष असतं तर भाकरीत का नाही?

माणदेशी_लेक
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात गावी चुलत्यांची दुभती गाय गेली, तिसऱ्या वेताची, घरच्याच कालवडीची गाय झालेली. ज्वारी काढून झालेल्या रानात सोडली होती, मध्ये अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि धसकटांना हिरवेगार फुटवे आले होते. वीसेक मिनिटं चरली असेल, मग लटपटायला लागली, तोंडाला फेस, धापा टाकत खाली बसली ती उठलीच नाही. चुलत्यांना आधी वाटलं पान लागलं, म्हणून सगळं रान धुंडाळलं, साप काही दिसला नाही. डॉक्टर येईस्तोवर खेळ संपला होता. ते म्हणाले ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात सायनाइड असतं.
मला तेव्हापासून चैन नाही. लहानपणापासून रोज ज्वारीची भाकरी खाल्लीय, कडब्यावर पिढ्यानपिढ्या जनावरं जगलीत, मग हे विष येतं कुठून आणि जातं कुठं? दुसरं म्हणजे माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, त्याच्यासाठी नाचणीसारखंच ज्वारीला मोड आणून सत्त्व करायचं ठरवलं होतं, ज्वारी भिजत घातलेली तशीच आहे. करू का नको? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

सीनाकाठ
वाईट वाटलं ताई. आमच्याकडं याला किराळ लागलं म्हणतात. आमचे आजोबा पावसानंतर ज्वारीच्या रानाकडं जनावर फिरकू द्यायचे नाहीत, का ते सांगायचे नाहीत, नुसते ओरडायचे.

कोरडवाहू
आमच्याकडं किरळ. शब्द तोच दिसतोय. मला एक विचारायचंय, तुमच्या चुलत्यांनी ज्वारी उपटली होती का कापली होती? रब्बीची ज्वारी पूर्वी मुळासकट उपटायचे, हाताला फोड यायचे पण रान साफ व्हायचं. आता उपटायला माणूस मिळत नाही म्हणून विळ्यानं कापतात, धसकट रानात राहतं आणि पाणी मिळालं की फुटतं. माझा अंदाज आहे की हे प्रकार त्यामुळं वाढलेत.

माणदेशी_लेक
कापलीच होती दादा. यंदा मजूरच मिळाले नाहीत. हे डोक्यातच आलं नव्हतं.

गोठा_डॉक्टर
मी पशुवैद्यक आहे, अशा केसेस दरवर्षी बघतो, जास्त करून पहिल्या पावसानंतर आणि पावसाने मध्येच ताण दिला की. वर वर्णन केलंय ते अगदी तसंच असतं. श्वास जोरात, थरथर, पोट फुगणं, आणि रक्त बघाल तर लालभडक. नवशिक्याला आश्चर्य वाटतं की जनावर गुदमरून मेलं आणि रक्त इतकं लाल कसं. कारण असं की रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो पण पेशींना तो वापरता येत नाही. पेशीत ऑक्सिजन वापरणारं शेवटचं एन्झाइम असतं, सायटोक्रोम ऑक्सिडेझ, त्यातल्या लोहाला सायनाइड जाऊन चिकटतं आणि काम ठप्प. म्हणजे घरात धान्याची पोती भरलेली आणि चूल पेटत नाही अशी गत.
उपचार आहे आणि वेळेत मिळाला तर जनावर डोळ्यांदेखत उठतं. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. नायट्राइटमुळे रक्तातलं थोडं हिमोग्लोबिन मेथहिमोग्लोबिन होतं आणि ते सायनाइडला स्वतःकडे ओढून घेतं, थायोसल्फेट गंधक पुरवतं आणि यकृतातलं ऱ्होडनेझ नावाचं एन्झाइम त्या सायनाइडचं थायोसायनेट करून लघवीवाटे बाहेर काढतं. पण हे सगळं मिनिटांचं गणित आहे. नायट्राइटचा डोस चुकला तर तेच मारतं, त्यामुळे डॉक्टरशिवाय हात लावू नका.

सीनाकाठ
आम्ही गुळाचं पाणी पाजतो. आमच्या एका म्हशीला पाजलं होतं, वाचली.

गोठा_डॉक्टर
सीनाकाठ, गूळपाण्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. साखरेची सायनाइडशी रासायनिक क्रिया होते हे खरं, पण ती सावकाश होते आणि इथे वेळ नसतो. वाचलेल्या जनावरानं बहुतेक वेळा कमी खाल्लेलं असतं. आणि खाली पडून धापा टाकणाऱ्या जनावराच्या तोंडात बाटली घातलीत तर पाणी फुप्फुसात जातं, मग ते किराळातून वाचून न्यूमोनियानं मरतं. उभं असेल, नीट गिळत असेल, डॉक्टर वाटेत असतील तर पाजा, पण फोन आधी करा.

सीनाकाठ
पटलं नाही पूर्ण. आमच्याकडं डॉक्टर यायला दोन तास लागतात, तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? पण पडलेल्याला पाजायचं नाही हे ध्यानात ठेवतो.

परीक्षानळी
मूळ प्रश्नाकडे येतो. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय, आणि ज्वारी हे त्यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण.
पहिली गोष्ट, ज्वारीच्या पानात सायनाइड असं मोकळं फिरत नसतं. असतं तर झाडच मेलं असतं. पानात असतं ते धुरिन नावाचं संयुग. त्याचा रेणू म्हणजे एका बाजूला ग्लुकोज साखर आणि दुसऱ्या बाजूला सायनाइडचा गट पोटात धरून बसलेला तुकडा, साखरेनं कुलूप लावल्यासारखा. धुरिन पानाच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये, पाण्यानं भरलेल्या पिशवीत साठवलेलं असतं. ते कुलूप उघडणारं एन्झाइम धुरिनेझ, ते आतल्या पेशींच्या हरितद्रव्याच्या कणांमध्ये. दोघं शेजारी राहतात पण गाठ पडत नाही.
हळद आणि चुना देवघरात शेजारी शेजारी डब्यांत वर्षभर राहतात की नाही, काही होत नाही. एकत्र कालवलं की लाल कुंकू. तसंच हे. गाईनं पान चावलं, पेशी फुटल्या, दोन डबे एकमेकांत सांडले. एन्झाइमनं साखर तोडली, उरलेला तुकडा अस्थिर असतो, त्याचे लगेच दोन भाग होतात, एक पॅरा-हायड्रॉक्सी बेंझाल्डिहाइड आणि दुसरा हायड्रोजन सायनाइड. हा वायू म्हणा, द्रव म्हणा, साधारण 26 अंशांनाच उकळतो.
झाड हे बनवतं टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून. फक्त तीन एन्झाइमं लागतात. 2001 साली शास्त्रज्ञांनी ज्वारीचे ते तीन जीन्स मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात घातले तर ते रोप धुरिन बनवायला लागलं आणि पानं कुरतडणारे भुंगेरे त्याच्यापासून लांब राहिले. म्हणजे हे विष कशासाठी आहे याचा तो पुरावाच.

चुलीवरची_भाकरी
धुरिन म्हटल्यावर मला वाटलं धुराशी काही संबंध आहे, चुलीवर जळाल्यावर तयार होत असेल 😀

परीक्षानळी
छान शंका आहे, पण नाही. अरबीत ज्वारीला धुर्रा म्हणतात. इजिप्तमध्ये कोवळा धुर्रा खाऊन जनावरं मरायची, तिथली ज्वारी लंडनला तपासायला नेली आणि 1902 साली डन्स्टन आणि हेन्री या दोघांनी त्यातून हे संयुग वेगळं केलं, नाव धुर्रावरून. कडू बदामातलं अमिग्डालिन त्याच्याही आधीचं, 1830 मधलं. आपली मालदांडी आणि नाईलकाठचा धुर्रा एकाच जातीची भावंडं.

दर्याकाठ
म्हणजे कडू बदामात पण तेच?

परीक्षानळी
भाऊबंद. कुलपाची पद्धत तीच, साखर आणि आत सायनाइड, फक्त मधला तुकडा वेगळा. जर्दाळूच्या बीत, सफरचंदाच्या बियांत अमिग्डालिन. जवसात आणि कसाव्यात लिनामारिन, ते नावच जवसाच्या लिनम या शास्त्रीय नावावरून आलंय. बांबूच्या कोंबात टॅक्सिफायलिन आणि हे तर धुरिनचं जुळंच, अणू तेच, जोडणी तीच, फक्त एका कार्बनवरची मांडणी डाव्या-उजव्या हातासारखी उलट. ज्वारी आणि बांबू दोन्ही गवतंच ना शेवटी.

झाडीपट्टी
अरे वा! आमच्याकडं पावसाळ्यात वास्ते खातात, म्हणजे बांबूचे कोंब. आई बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवायची, पाणी फेकायची, परत उकळायची आणि तेही पाणी फेकायची. मी म्हणायचो सगळी चव फेकतेयस. ती म्हणायची कडूपणा जाऊ दे. ती काय फेकत होती ते आज कळलं.

परीक्षानळी
आईंचं एकही पाऊल वाया नव्हतं. बारीक चिरल्यावर दोन डबे सांडतात, भिजत ठेवल्यावर एन्झाइमला वेळ मिळतो, उकळल्यावर सायनाइड उडून जातं. झाकण मात्र ठेवायचं नाही.

दर्याकाठ
आणि साबुदाणा?? आता आषाढी येतेय. शोधल्यावर दिसतंय की तो कसाव्याचा असतो.

मेलबर्नकर
साबुदाणा बिनधास्त खा. कसाव्याचे कंद किसून, पाण्यात धुऊन स्टार्च खाली बसवतात, लिनामारिन पाण्यात विरघळून निघून जातं आणि वर भाजणीही होते. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला हा मोठा धंदा आहे.
पण कसावा ज्यांचं रोजचं अन्न आहे त्यांच्याकडे ही गोष्ट फार दुःखाची आहे. 1981 च्या दुष्काळात मोझांबिकच्या नांपुला भागात हजाराहून जास्त माणसांचे, त्यात बायका आणि मुलं जास्त, पाय कायमचे लुळे पडले. कडू कसावा एरवी अनेक दिवस वाळवून खायचे, भुकेपायी तेवढं थांबता आलं नाही. आणि वर ऱ्होडनेझ सांगितलं ना, त्याला गंधक लागतं, ते प्रथिनांतून येतं. डाळ, मासे, काहीच पोटात नसेल तर शरीर सायनाइड काढणार कशानं? दुष्काळात झाडातलं विष वाढतं आणि माणसाची ताकद कमी होते, दोन्ही एकदम. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ सुन्न होतो.

कोरडवाहू
दुष्काळाचं निघालं म्हणून. 72 ला सरकारी धान्यात लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, यायची अमेरिकेची. आमच्या आजीच्या पिढीत म्हणायचे त्यात विष आहे म्हणून लाल आहे. खरं का?

परीक्षानळी
नाही. लाल रंग दाण्याच्या सालीतल्या रंगद्रव्यांचा. धुरिनला रंगच नाही, आणि पिकून सुकलेल्या दाण्यात, पांढरा असो की लाल, ते जवळजवळ नसतंच. मिलोची भाकरी जमायची नाही, चव वेगळी, आणि ती मिळायची अपमानाच्या रांगेत. माणसाला ते धान्य विषासारखं वाटलं असेल तर मला समजू शकतं.

चुलीवरची_भाकरी
आमच्या घरी मिलोची आठवण काढली की सासूबाई अजून ताटातला कणसुद्धा टाकू देत नाहीत.
बरं पण हुरडा?? हुरडा तर कोवळाच की! दर पौषात आम्ही किलोकिलो खातो.

सीनाकाठ
हुरड्याला नाव ठेवलं तर धागा बंद करायला लावीन 😄

परीक्षानळी
हुरड्याला हात लावत नाही. दाणा भरत जातो तसं त्यातलं धुरिन झाड स्वतःच मोडून वापरून टाकतं, त्यातला नायट्रोजन दाण्याच्या वाढीला लागतो. हुरड्याला कणीस येतं तेव्हा दाण्यात पीठ धरायला लागलेलं असतं, आणि वर आपण तो गोवऱ्यांच्या आरावर भाजतो. सायनाइडची भीती आहे ती पानात, फुटव्यात आणि कोंबात.
यातच मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. ज्वारीचं झाड विष सगळीकडे सारखं ठेवत नाही, जिथं कोवळं आणि महत्त्वाचं आहे तिथं ठेवतं. रोप जितकं लहान तितकं धुरिन जास्त. वाढत जातं, फुलोऱ्यात येतं, तसं प्रमाण उतरतं. म्हणून कडबा चालतो, भाकरी चालते, आणि गुडघाभर पोंगा मारतो.

गोठा_डॉक्टर
हेच मी शेतकऱ्यांना सांगतो. चाऱ्याची ज्वारी निम्मं रान फुलोऱ्यात आल्याशिवाय कापू नका. ओल्या चाऱ्यात किलोमागे 200 मिलिग्रॅमच्या वर हायड्रोजन सायनाइड निघालं की तो चारा धोक्याचा धरतात. पाण्याचा ताण पडलेली, युरिया जास्त पडलेली, काढणीनंतर फुटलेली ज्वारी, या तिन्हींत ते भसाभसा वाढतं. अर्धवट कोमेजलेली तर आणखी वाईट, कारण पेशी आधीच फुटलेल्या असतात. मूरघास केला तर आंबताना बरंच कमी होतं, पण खड्डा उघडल्यावर चारा थोडा वेळ पसरून ठेवा आणि मग घाला.
घोड्याला गाईपेक्षा त्रास कमी होतो. त्याच्या पोटात आम्ल असतं, त्यात ते एन्झाइम चालत नाही. गाईच्या कोठीपोटात आम्ल नाही, कोमट पाणी आणि असंख्य जिवाणू, आणि त्या जिवाणूंकडे साखर तोडणारं एन्झाइम स्वतःचंही असतं. म्हणजे आपण कालवणाला भांडं तयारच ठेवलेलं.

कोरडवाहू
डॉक्टर, घरच्या घरी चारा तपासता येतो का? कागद पिवळ्याचा लाल होतो असं काहीतरी ऐकलंय.

गोठा_डॉक्टर
तो सोडियम पिक्रेटचा कागद, सायनाइडच्या वाफेनं विटकरी लाल होतो. चाचणी खरी आहे पण पिक्रिक आम्ल कोरडं झालं की स्फोटक असतं, घरात नको. चाऱ्याचा नमुना जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन विचारा.

मेलबर्नकर
इकडे ऑस्ट्रेलियातही ज्वारीचा चारा मोठा आणि हीच भीती. इथल्या आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी मिळून धुरिन अजिबात न बनवणारी ज्वारी शोधलीय, परके जीन्स न घालता, हजारो रोपांतून निवडून. धुरिनच्या साखळीतल्या पहिल्याच एन्झाइमच्या जीनमध्ये एक अक्षर बदललेलं निघालं. गंमत म्हणजे ती ज्वारी सुरुवातीला हळू वाढते.

कोरडवाहू
हळू वाढली तरी चालेल, पण बिनविषाची ज्वारी टोळ आणि किडे ठेवतील का आमच्यासाठी? कोरडवाहू रानात झाडालाही काहीतरी हत्यार लागतंच. मला विचाराल तर वाण बदलण्यापेक्षा धसकट काढणं स्वस्त पडेल.

चुलीवरची_भाकरी
मी गच्चीत गव्हांकुर लावते, रस घेते. ज्वारीचे पण लावणार होते पुढच्या महिन्यात, लोह असतं म्हणून.

परीक्षानळी
लावू नका. कृपा करून लावू नका. गव्हाचं ठीक आहे, ज्वारीचे आठ-दहा दिवसांचे कोंब म्हणजे धुरिनचा सगळ्यात दाट साठा, आणि मिक्सरमध्ये फिरवणं म्हणजे दोन्ही डबे एका भांड्यात ओतणं. गाईनं चावलं त्याहून बारीक.

चुलीवरची_भाकरी
बापरे. बी आणलेलं आहे, भाकरीला दळून टाकते.

माणदेशी_लेक
सर, मग माझं सत्त्व? नाचणीला तर सगळेच मोड आणतात. ज्वारीचं शिजवूनच देणार होते, शिजवल्यावर तरी जात असेल ना?

परीक्षानळी
ताई, नाचणीत धुरिन नाही, ती निर्धास्त द्या. ज्वारीचं वेगळं. कोरड्या दाण्यात नव्हतं ते मोड येताना नव्यानं तयार होतं, दाण्यात कमी पण कोंबात आणि मुळ्यांत भरपूर. आणि शिजवून भागेल असं धरू नका. शिजवल्यावर एन्झाइम मरतं, पण धुरिन तसंच शाबूत राहू शकतं, आणि ते पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू तोडतात. वास्त्यांसारखं चिरून, भिजवून, उघड्यावर उकळून पाणी टाकणं वेगळं आणि पिठाची पेज करणं वेगळं.
आफ्रिकेत ज्वारीचं माल्ट करतात ते वाळवल्यावर कोंब-मुळ्या चोळून, पाखडून टाकतात, बहुतेक सायनाइड त्यांच्याबरोबरच जातं. मोठ्या माणसासाठी ते चालेल. आठ महिन्यांच्या बाळासाठी मी सांगणार नाही. त्याचं वजन किती, आपण करतो काय, एखादा कोंब राहून गेला तर? न मोडवलेल्या ज्वारीचं पीठ भाजून त्याची पातळ पेज द्या.

गोठा_डॉक्टर
+१. माझ्या नातवाला तशीच दिली.

माणदेशी_लेक
भिजत घातलेली ज्वारी आता बघून आले, दोन दिवसांत पांढरे कोंब आलेत. तांब्यात घेऊन बराच वेळ बघत बसले. टाकून दिली, गोठ्याकडं न टाकता खड्डा करून पुरली.
आताच चुलत्यांशी बोलणं झालं, हळद-चुन्याचं सांगितलं तर त्यांना लगेच कळलं. ते गप्पच होते, मग म्हणाले मला वाटत होतं माझ्याकडूनच काहीतरी राहिलं. उद्यापासून घरचे सगळे मिळून धसकटं उपटणार आहेत, मी पण शनिवारी जातेय. मागं राहिलेली कालवड आहे, तिला त्या रानाच्या बाजूला बांधत नाहीत आता. डॉक्टर, अजून एक, मेलेल्या गाईचं दूध सकाळी काढलं होतं ते घरात प्यायलं होतं, त्यानं काही?

गोठा_डॉक्टर
सकाळचं दूध फुटवे खाण्याआधीचं ना? मग काहीच नाही. निश्चिंत राहा. आणि उपटलेली धसकटं बांधावर टाकू नका, वर हिरवं असेल तर वाळून कडक होईपर्यंत जनावराच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा.

कोरडवाहू
ताई, शनिवारी जाताना हातमोजे घेऊन जा सगळ्यांना. धसकटानं हात फाटतात.